तोंड मिट, तनू

जळगावच्या बसस्टँडाजवळच्या चौकात मध्यंतरी एक फ्लेक्स लागला होता. निळंशार पाणी, त्यावर डोळ्यांना मोठी काच लावलेली एक लहान मुलगी, हात पसरलेले, तोंड वासलेलं, आणि वर पिवळ्या अक्षरांत ‘आनंदाची उडी! सहकुटुंब कोकण सहल’. येणारेजाणारे मान वर करून बघायचे आणि हसायचे. माझ्या शेजारणीनं तर मुद्दाम घरी येऊन सांगितलं, तुमच्या सहलीचा फोटो फार गोड आलाय हो.

त्या फोटोत मीही आहे. खाली उजव्या कोपऱ्यात पाण्यातून वर आलेले दोन हात दिसतात, ते माझे. आणि ती मुलगी आनंदानं ओरडत नव्हती. ती उडी नव्हतीच. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘पाण्यातल्या गोड आठवणी’ मागितल्या होत्या. गोड आठवणी आहेत, नाहीत असं नाही, पण हा फ्लेक्स आधी डोळ्यांपुढून हलेल तर त्या सुचतील. त्यामुळे मी जे लिहिणार आहे ते गोड मानून घ्यावं.

आधी माझा धंदा सांगते. जळगावच्या एका तरणतलावावर मी उभी हयात बायकांना आणि मुलांना पोहायला शिकवण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा गुडघे शाबूत होते आणि घरात बसायची सवय नव्हती. माझ्याकडे शिकलेल्या एका बाईचा नवरा, धनराजशेठ, दिवाळीत आणि उन्हाळ्यात मालवणच्या बाजूला सहली न्यायचा. त्याच्या बसमधून बायका समुद्रापर्यंत हौसेनं यायच्या आणि पाण्यात उतरायची वेळ आली की सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळत वाळूत बसायच्या. परक्या बाप्यानं दंडाला धरून पाण्यात न्यायचं, हे त्यांना नको असायचं. शेठच्या बायकोनं माझं नाव सुचवलं आणि मी बसमध्ये ‘पाण्याच्या बाई’ झाले. धुळ्याच्या, चाळीसगावच्या, असोद्याच्या कितीतरी बायका माझा हात धरून जन्मात पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात तोंड घालून आल्या. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

स्नॉर्कलिंग हा शब्द आमच्या बसमध्ये कुणाला धड म्हणता यायचा नाही. कुणी स्नॉकिंग म्हणायचं, कुणी नारकेलिंग. मी ‘नळीचं पोहणं’ म्हणायचे. खरं तर ते पोहणंही नाही. अंगात फुगीर जाकीट असतं, ते बुडू देत नाही. डोळे आणि नाक झाकणारी एक काच, तिला रबराची कड. तोंडात धरायची एक वाकडी नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या वर. पालथं तरंगायचं, चेहरा पाण्यात घालायचा आणि नळीतून सावकाश श्वास घ्यायचा. खाली खडक, शेवाळ आणि मासे. नाक काचेच्या आत बंद झालेलं असतं, म्हणून श्वासाला एकच वाट उरते, ती तोंडाची. एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

एवढ्याशा गोष्टीत माणसं काय काय करतात ते बघायला मजा यायची. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थोडं थुंकून, चोळून, समुद्राच्याच पाण्यात विसळून घ्यायचं असतं. धुळ्याच्या एका आजींनी आल्याआल्या समुद्राला हळदकुंकू वाहिलं होतं. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ज्याला आत्ता हात जोडले त्याच्यातच थुंकू का? त्यांनी बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं काच धुतली, थोड्याच वेळात ती धुरकटली, आणि वर आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की खाली सगळं ढगासारखं आहे. चाळीसगावच्या एका व्यापाऱ्याच्या मिशा भरघोस होत्या. मिशीवर काचेची कड बसत नाही, पाणी झिरपतं. मी व्हॅसलीन लावायला सांगितलं, तर म्हणाले, लग्नातसुद्धा मिशीला कुणाचा हात लागू दिला नाही. नाकाडोळ्यांत खारं पाणी घेऊन ते घरी गेले आणि सहलीचं सामान गळकं आहे म्हणून सांगत सुटले. एकानं मासे लहान होते म्हणून तक्रार केली होती. ही माणसं माझ्या आवडीची. चेष्टा करते मी त्यांची, पण त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही.

मला संताप येतो तो आमच्या विहिरीच्या शाळेचा. आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकवलं जातं. शिकवलं जातं म्हणणंही जास्तच झालं. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकानं नाहीतर मामानं बखोटीला धरून काठावर न्यायचं, ‘तोंड मिट, नाक दाब’ म्हणायचं आणि ढकलून द्यायचं. पोरगं वर आलं की शिकलं. मलाही मामानं असंच ढकललं होतं. मी पोहायला शिकले, पण ढकलल्यामुळे नव्हे, ढकललं असूनही. जे शिकले नाहीत त्यांचं पुढे काय झालं हे काठावरच्यांना कधी कळलंच नाही. मला कळलं, कारण ते चाळिशीत माझ्या तलावावर यायचे आणि कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभे राहायचे. एक मास्तर अख्खा उन्हाळा पायरीवर बसून होते, नुसते पाय पाण्यात. विचारलं की प्रत्येकाचं उत्तर तेच, लहानपणी विहिरीत टाकलं होतं. आणि टाकणारे? ते लग्नाकार्यात अजून मांडी ठोकून सांगतात, कसा टाकला होता याला, कसा बोंबलत होता. लोक पोट धरून हसतात. पोराची किंकाळी ज्या घरात विनोद म्हणून सांगतात त्या घरात मला बसवत नाही. मी पाहुणचार अर्धा टाकून उठून आलेली आहे.

आता तनूकडे येते. तनू जळगावजवळच्या असोद्याची, तेव्हा आठ वर्षांची. तिचे वडील रवींद्र, त्यांना सगळे रवीभाऊ म्हणतात. त्यांची केळीची बाग आहे, शेतात मोठी विहीर आहे, आणि त्या विहिरीत वरून सूर मारण्यात गावात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

त्यांचं सहलीचं ठरलं तेव्हा तनूची आई वैशाली तिला घेऊन जळगावात मेहरूणला माझ्या घरी आली. म्हणाली, बाई, हिला मासे बघायचेत. मोबाइलवर बघून बघून नावं पाठ झालीत. मेहरूणच्या तलावावर नेली की काठावर बसून पाण्यात डोळे लावते, उठायचं नाव घेत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात हिच्या पप्पांनी हिला विहिरीत सोडली, तेव्हापासून डोक्यावरून तांब्या घेऊ देत नाही. केस धुवायचे म्हटलं की घरात रडारड. मासे तर बघायचेत आणि पाणी तर नको, तुम्हीच सांगा काय करू.

तनू दाराजवळ चपला पायातच ठेवून उभी होती. मी तिला पाण्याचं नावच काढलं नाही. काच दिली आणि म्हटलं, ही लावून टीव्ही बघ. तिनं काच लावून कार्टून बघितलं. मग नळी तोंडात धरून बघितलं. पुढच्या खेपेला मी कपडे भिजवायचा टब पाण्यानं भरला आणि वैशालीच्या हातातल्या बांगड्या मागून घेऊन तळाशी टाकल्या. बराच वेळ तनू लांबून बघत होती. मग वाकली, आणखी वाकली, आणि काच पाण्याला टेकवली. नळीतून खर्र खर्र श्वास ऐकू आला. वर आली तेव्हा तिचे डोळे काचेत मावत नव्हते.

“बाई, खाली बांगडे आहेत,” ती म्हणाली.

बांगड्यांचे बांगडे तिनंच केले. वैशाली उठून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

सगळ्यांत अवघड होतं तोंड. ‘तोंड मिट’ हे त्या पोरीच्या अंगात इतकं मुरलेलं की ओठांना पाणी लागलं रे लागलं, ओठ घट्ट मिटायचे. नळी सुटायची, नाक काचेत कोंडलेलं, आणि पोरगी गुदमरून वर. आम्ही कितीतरी दिवस फक्त तोंड उघडं ठेवायला शिकलो. पोहणं बिहणं काही नाही. आयुष्यभर लोकांना पाण्यात तोंड मिटायला सांगितलेली मी, आता टबाशेजारी पाटावर बसून उघड, उघड म्हणत होते. मग आम्ही खूण ठरवली. माझा हात एकदा दाबला तर ठीक आहे, दोनदा दाबला तर वर ने. आणि तिच्या मनात जे होतं ते तिनं शेवटच्या दिवशी विचारलं.

“मला कुणी ढकलणार नाही ना?”

“नाही. तू तुझी उतरशील.”

“पप्पापण नाही?”

“पप्पापण नाही,” मी म्हटलं.

मी वैशालीला बजावलं की हे रवीभाऊंच्या कानावर घाल. तिनं घातलं. ते हसले आणि म्हणाले म्हणे, बरं बा, नाही ढकलत तुझ्या लेकीले.

मालवणला आमची होडी खडकांजवळ नांगर टाकून उभी राहिली. होडीत सगळी आमच्याच बसची माणसं, वैशाली तेवढी बायकांबरोबर किनाऱ्यावर थांबलेली. धनराजशेठ स्वतः आला होता, मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. मी पाण्यात शिडीशी उभी, माझ्याजवळ तिथला एक होडीवाला. तनू पायरी पायरीनं खाली आली. गुडघे, कंबर, मग छाती. तिनं माझा हात धरला, नळी चाचपली आणि चेहरा पाण्यात घातला. नळीतून तोच खर्र खर्र आवाज. हात एकदा दाबला. मग पुन्हा, आणि पुन्हा, भराभर, खुणेच्या हिशोबात बसणार नाही असा. मी घाबरून खाली वाकून बघितलं तर काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा तिच्या हाताखालून चालला होता. पोरगी हरखून दाबत सुटली होती. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेलं याहून मोठं बक्षीस आठवत नाही.

ते किती वेळ टिकलं? वर होडीच्या काठावर रवीभाऊ वाकून बघत होते. त्यांना बाजूनं दिसलं की लेकीचं तोंड उघडं आहे आणि तोंडाशी पाणी आहे. त्यांच्या विहिरीच्या शाळेत याचा अर्थ एकच होतो.

“तनू, तोंड मिट!”

मग त्यांच्यामागोमाग होडीच ओरडायला लागली. तोंड मिट, अगं तोंड मिट, पाणी जाईल, तोंड मिट. सगळे मायेनंच ओरडत होते, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. मी खालून ओरडतेय, गप्प बसा, तिला श्वास घेऊ द्या, पण त्या गलक्यात माझं कोण ऐकणार. तनूनं ऐकलं. बापाचं ऐकायचं हे तिला जन्मापासून शिकवलेलं. तिनं तोंड मिटलं. नळी सुटली, खारं पाणी आत गेलं, ती खोकत, ओकारी काढत शिडी धरून वर चढली आणि होडीत जाऊन रडायला लागली.

मी शिडीवर पाय ठेवून सांगितलं की तिला बसू द्या. ती पुन्हा उतरेल, आत्ता बघितलंय तिनं काय आहे खाली ते, तिला राहवणार नाही. फक्त कुणी बोलू नका.

रवीभाऊ म्हणाले, “असं लाडानं नाही व्हत, बाई. भीती एका झटक्यात काढा लागते.”

आणि मी पुढचं पाऊल टाकायच्या आत त्यांनी जाकिटाच्या खांद्यांना धरून पोरगी उचलली आणि पाण्यात सोडून दिली.

माझे हात वर गेले ते तेव्हा. ती माझ्या हातांच्या पलीकडे पडली, मी तिला ओढून छातीशी घेतलं. वर टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या वाजल्या. कुणी शिट्टीही मारली. होडीच्या टोकावरून शेठचा मोबाइल पुढे आलेला मला दिसला होता. तनू माझ्या गळ्याला मिठी मारून होती आणि तिच्या मुठीत माझी बोटं होती. ती दोनदा दाबत होती. दोनदा, पुन्हा दोनदा. वर ने. पण वर न्यायचं तर वर तेच होते.

होडीवाला रवीभाऊंकडे बघून एवढंच म्हणाला, “असा ढकलूचा नसता चेडवाक.” चेडू म्हणजे त्यांच्याकडे पोरगी. आणि त्यानं आपली लहान होडी आणून आम्हा दोघींना किनाऱ्यावर सोडलं. तो परका माणूस, त्याला ते दिसलं. आमच्या बसमधल्या एकालाही दिसलं नाही.

किनाऱ्यावर मी रवीभाऊंना काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. ते गोंधळून गेले होते. तिच्या भल्यासाठीच केलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. या भल्यासाठीनं आमच्या भागात किती पोरांचं वाटोळं केलं आहे त्याची गणती नाही. मी त्यांना म्हटलं की मी तिला शब्द दिला होता, आणि तुमचाही दिला होता. त्यावर त्यांनी मान खाली घातली, पण त्यांना काही कळलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि त्यांना कळलेलं नव्हतंच.

संध्याकाळी सहलीच्या ग्रुपवर शेठनं फोटो टाकला. खाली ‘आमची जलपरी’ आणि बदामांची रांग. तनूनं तो आईच्या मोबाइलवर बघितला. दोन बोटांनी मोठा केला, आपला चेहरा बघितला, आणि मला विचारलं की यात मी हसतेय असं वाटतंय का. मुलांशी खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे. मी म्हटलं, लांबून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी चहा घेत होते तर दारात तनू, हातात काच आणि नळी. समुद्राच्या कडेला खडकांमध्ये कमरेएवढं स्वच्छ पाणी साठतं, तिथे जायचं म्हणाली. होडी नको. वैशाली बरोबर होती आणि लांब मागे रवीभाऊ होते, यावं की न यावं अशा चालीनं. खडकांपाशी पोचल्यावर तनू वळून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पप्पा, आज तुम्ही तोंड मिटा.”

आवाजात राग नव्हता. मी टबाशेजारी बसून सांगायचे तसंच तिनं सांगितलं. रवीभाऊ हसायला गेले, पण पोरगी हसत नाही म्हटल्यावर थांबले. मग ते वाळूत बसले आणि त्यांनी खरोखरच आपला पंजा तोंडावर ठेवला. एवढा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा तोंडावर हात ठेवून बसला होता.

तनू आपल्या पायांनी पाण्यात उतरली. काचेत थुंकली, चोळली, विसळली. चेहरा पाण्यात घातला आणि पालथी तरंगली. माझा हात एकदा दाबला आणि मग विसरून गेली की माझा हात आपल्या हातात आहे. खाली काय काय होतं ते मी सांगत नाही, ते तिचं आहे. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि केसांतून पाणी गळत होतं, डोक्यावरून, चेहऱ्यावरून, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. रवीभाऊंचा हात अजून तोंडावरच होता.

“आता बोला,” ती म्हणाली.

त्यांनी विचारलं, दिसले का गं? ती म्हणाली, दिसले, पण तो फोटो काढून टाकायला सांगा. ते हो म्हणाले. शेठला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, आणि शेठ हो हो, काढलाच समजा, असं म्हणाला. ग्रुपवरून त्यानं तो काढलाही. मला वाटलं, चला, झालं ते झालं, निदान शेवट बरा झाला.

आणि मग तो फ्लेक्स लागला. तनूची शाळेची बस त्याच चौकातून जाते. बसमधली पोरं तिला ‘आनंदाची उडी’ म्हणायला लागली. ती घरी काही बोलली नाही, पण तिनं पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायचं बंद केलं आणि काच कपाटावर फेकून दिली. वैशालीनं मला हे फोनवर सांगितलं.

मी तशीच उठून शेठच्या ऑफिसात गेले. तो खुशीत होता. म्हणाला, बाई, फोटो किती जिवंत आलाय बघा, चौकशा किती येतायत. आणि पोरगी ओळखू कुठे येते, तोंडावर काच आहे.

मी म्हटलं, “शेठ, ती किंचाळतेय.”

“फ्लेक्सला आवाज नसतो, बाई,” तो म्हणाला.

सहलीवर माझ्या गळ्यात असायची ती शिट्टी मी त्याच्या टेबलावर ठेवली, काम सोडलं म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले. ते काम मला मनापासून आवडायचं. वाळूत बसलेल्या कितीतरी बायकांना अजून पाण्यात न्यायचं होतं, त्याची हळहळ मला आजही आहे. पण जो माणूस किंकाळी छापून सहली विकतो त्याच्या बसमध्ये पाय ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

चौकातूनच मी रवीभाऊंना फोन करून बोलावून घेतलं. ते आले ते केळी उतरवून रिकामी झालेली पिकअप घेऊनच. फ्लेक्स त्यांनी आधीच बघितला होता. रोज त्याच्याखालून गाडी नेत होते आणि लेकीचा फोटो चौकात लागला म्हणून मनातून खूश होते. हे त्यांनी मला भोळेपणानं सांगितलं आणि माझं डोकं इतकं फिरलं की भर चौकात मी त्यांना दंडाला धरून त्या फ्लेक्सखाली उभं केलं. म्हटलं, आता बघा. बाप म्हणून बघू नका, नुसतं बघा. तुम्ही वर होता, तुम्हाला तेव्हा तिची पाठ दिसली. चेहरा आज बघा.

मागून रिक्षांचे भोंगे वाजत होते. ते मान वर करून बघत राहिले. मग त्यांचा आवाज आला, एवढासा.

“ही तं घाबरेल आहे, बाई.”

“आत्ता दिसलं?” मी विचारलं.

त्यांनी गाडीतून शिडी काढली, केळीचे घड कापायचा कोयता काढला आणि चढले. पहिली दोरी तुटली तशी लोकांनी गर्दी केली, काय झालं, कुणी लावला, कुणी काढायला सांगितला. शेठचा माणूस धावत आला आणि खालून आरडाओरडा करायला लागला. रवीभाऊ एकेक दोरी कापत गेले, फ्लेक्स खाली आला, तो गुंडाळून त्यांनी गाडीत टाकला आणि तोंड मिटून गाडी सुरू केली.

वैशालीनं फोनवर आग्रह केला म्हणून मीही त्यांच्या मागोमाग असोद्याला गेले. लोक अजून मला विचारतात, रवीभाऊंना तुम्ही माफ केलं का. तनूनं केव्हाच केलं, ती लहान आहे आणि ते तिचे वडील आहेत. माझ्यावर तसं बंधन नाही. मी त्या घरी जाते, चहा घेते, केळी आणते, आणि होडीतल्या टाळ्या आठवल्या की माझा राग जिथल्या तिथे असतो. राहू दे तो. कुणाला तरी राहायला हवा.

त्या दिवशी शेतात कडब्याच्या गंजीवर झाकायला काही नव्हतं. आमच्याकडे जुने फ्लेक्स असेच कामी येतात, नेत्यांचे, लग्नांचे, वाढदिवसांचे. रवीभाऊंनी हाही गंजीवर पसरला. निळं पाणी आणि ती वासलेल्या तोंडाची मुलगी आभाळाकडे बघत पडली. तनू शाळेतून येऊन तिथे उभी होती. आपल्याच त्या मोठ्या चेहऱ्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

“पप्पा, हिला पालथी करा,” ती म्हणाली. “तोंड खाली असलं की मासे दिसतात.”

रवीभाऊंनी फ्लेक्स उचलला आणि पालथा टाकला.